ओरडलं की थांबायचं

माझ्या भावाला लोक कानस म्हणतात. लोखंड घासायची कानस. जिथे लागेल तिथे खरवडून काढतो म्हणून. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण म्हणणाऱ्याचं तोंड जागेवर राहील याची खात्री नसते. पाठीमागे म्हणतात. मी पार्सलं पोचवते, दिवसभर स्कूटरवर दारोदार हिंडते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर येतं. मी ऐकून घेते, पार्सल हातात देते, सही घेते आणि मग सांगते, तो माझा सख्खा दादा आहे. चेहरे बघण्यासारखे होतात.

सायकलच्या प्रकरणापासून तर लोकांच्या बोलण्याला ऊतच आलाय. 'एवढ्या मोठ्या लोकांनी एवढं केलं, पण या माणसाला कशाची किंमत नाही.' म्हणून, काय झालं ते मीच सांगते. शाळा मी नववीत सोडली, त्यामुळे गोडगोड लिहिता येत नाही. आणि दादाचं गोड काही नाहीच.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक अंधारी विहीर असते, तिला ते शाफ्ट म्हणतात. त्याचं निम्मं आयुष्य त्या विहिरीत गेलंय. एक माणूस वर मशीनच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या टपावर. मध्ये काळोख, वंगणाचा वास आणि लोखंडी दोर. एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून त्यांच्यात एक नियम आहे. कोणी ओरडलं की थांबायचं. कोण ओरडलं, कशाला ओरडलं, खरं की मस्करी, ते नंतर. आधी हात जागच्या जागी. दादाला ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने काम शिकवलं त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. तो म्हणायचा, "हा का ओरडला असेल, असा मी एकदाच विचार केला. बाकीची बोटं त्या विचारात गेली."

हे दादाच्या अंगात इतकं मुरलंय की घरात वहिनीने जोरात "अहो!" म्हटलं तरी त्याचा घास हवेत थांबतो. बाजारात कोणी दुसऱ्यालाच हाक मारली तरी हा खांबासारखा उभा. मागचे येऊन आपटतात आणि मग भांडण.

भांडणाला त्याला निमित्त लागतंच असं नाही, पण निमित्त देणारे खूप आहेत. एका इमारतीच्या चेअरमनने त्याला सांगितलं, "कामगारांनी जिन्याने जायचं, लिफ्ट रहिवाशांसाठी आहे." दादा तीच लिफ्ट दुरुस्त करून टपावरून खाली उतरत होता. तो परत वर चढला, जिन्यानेच, स्विच बंद केला आणि खाली येऊन म्हणाला, "आता रहिवाशांनीही जिन्याने जायचं." मी असते तर चेअरमनलाही बंद केलं असतं.

त्याची मुलगी गोटी. दुसरीत आहे. नाव वेगळं आहे, पण दिसायला गोटीच. गोल तोंड, फुगलेले गाल, पुढे आलेलं पोट. जो बघेल तो म्हणतो, "खात्यापित्या घरची दिसते!" आणि तोच तिचा आजार आहे. तिच्या शरीरात साखर साठते, पण बाहेर येत नाही. म्हणजे गोदाम भरलेलं आणि किल्ली हरवलेली. त्यामुळे लिव्हर फुगतं, गाल फुगतात आणि पोर आतून उपाशी. लाखात एखाद्याला होतो म्हणे हा आजार. त्याचं नाव एवढं लांब आहे की मी ते कधी पूर्ण म्हटलेलं नाही. उपाय एकच. दर थोड्या तासांनी कॉर्नफ्लॉवर, कच्चं, पाण्यात ढवळून. दिवसाही आणि झोपेतून उठवूनही. वहिनी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करते आणि रात्री गजर लावून उठायची. गोटी जन्मली तेव्हापासून त्या बाईने एक अख्खी झोप घेतलेली नव्हती.

उशीर झाला की गोटी आधी रडत नाही. आधी चिडते. चावते, हातातलं फेकते, वाटेल ते बोलते. मग घाम, मग थरथर, मग डोळे फिरतात. त्यासाठी ग्लुकोजची एक डबी कायम जवळ लागते. ती डबी दादाच्या खिशात. कामावरून आला की वहिनीच्या पर्समधून काढून स्वतःच्या खिशात टाकणार. बाकी जगात कोणावर त्याचा भरवसा नाही, आणि त्याला कारण आहे. पहिलीला असताना गोटीच्या बाईंनी बाटली काढून घेतली होती. "वर्गात खाणंपिणं चालणार नाही. हिला दिलं तर बाकीच्यांना काय सांगू?" बाकीच्यांना काय सांगायचं ते बाईंना लवकरच कळलं, कारण गोटी बाकावरून खाली पडली. दादा शाळेत जाऊन काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरी शाळा शोधावी लागली.

आता तो क्लब. पैसेवाले लोक, चकचकीत सायकली, अंगाला चिकटलेले कपडे. त्यांचा कॅप्टन दातांचा डॉक्टर. दरवर्षी ते लांबवर सायकली मारतात आणि कुठल्यातरी चांगल्या कामासाठी वर्गणी जमवतात. गोटीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की बाहेरदेशी एक खास पीठ मिळतं, ते एकदा घेतलं की रात्रभर पुरतं. गोटीला आणि तिच्यासारख्या आणखी काही पोरांना ते मिळालं तर आयांना झोप मिळेल. कॅप्टन म्हणाला, या वर्षी तेच करू. ते पीठ त्याने खरंच मिळवून दिलं, हे मी नाकारत नाही. माणूस कामाचा आहे. मला आवडत नाही, एवढंच.

तर कॅप्टन एक फोटोवाला घेऊन घरी आला. गोटीने नुकतंच पीठ प्यायलं होतं, त्यामुळे तिची स्वारी खुशीत. फोटोवाल्याने तिला खिडकीशी बसवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"आजारी हीच ना?" त्याने विचारलं.

"हीच," वहिनी म्हणाली.

"नाही, म्हणजे चांगलीच गुटगुटीत आहे. लोकांना पटायला हवं. बाळा, जरा उदास हो बघू. आई रागावली असं समज."

"आई रागावली तर मी पण रागावते," गोटी म्हणाली.

"बरं, मग पोट आत घे आणि खाली बघ."

दादा दारात उभा होता. मला त्याच्या मानेची शीर दिसली आणि मी चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले, फुटू नयेत म्हणून.

"पोट आत जात नाही तिचं," दादा म्हणाला. "तोच आजार आहे. तुझं जातं का बघू? उठ."

फोटोवाला उठला तो थेट जिन्यात. कॅप्टन मात्र बसून राहिला. त्याला लोकांच्या तोंडात बोटं घालायची सवय आहे, असा घाबरत नाही. म्हणाला, "फोटो राहू दे. राइडच्या दिवशी तुम्ही तिघं स्टेजवर बसा. आम्ही पोचलो की मुलीने पाहुण्यांना फूल द्यायचं. बस."

"मीही सायकल चालवणार," दादा म्हणाला.

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमच्यासाठीच तर करतोय."

"म्हणूनच. माझ्या पोरीसाठी तुम्ही पाय मारणार आणि मी स्टेजवर बसून काय करू? अंडी उबवू?"

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याला ते स्टेज डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं. त्याला वाटत होतं, एकदा खुर्चीवर बसलो की जन्मभर लोक म्हणतील, याची पोर दुसऱ्यांच्या पायांवर जगली. पीठ घेईन म्हणाला, पण पाय माझेही लागतील.

कॅप्टनने अट घातली. आमच्यात रांग धरून चालवतात, चाकाला चाक लावून. सरावाला या. जमलं तर या, नाही जमलं तर स्टेज आहेच.

सायकल दादाच्या कामावरच्या जोडीदाराने दिली. त्याच्या मेव्हण्याने ती व्यायामाला म्हणून घेतली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालत होता. दादा कामावरून आला की धरणाच्या रस्त्याला जायचा. मी मागे स्कूटरवर, पाणी घेऊन. पहिल्या चढाला तो असा धापा टाकत होता की रस्त्याकडेची कुत्रीही बाजूला झाली. मी म्हटलं, "दादा, उतर, ढकलत ने." तर म्हणाला, "तू शाळा ढकलत नेलीस का? सोडलीसच ना? मग मला शिकवू नको." असा आहे तो. पण चढ चढला. पुढच्या आठवड्यात बसूनच चढला. पायांत जोर होताच, जन्मभर लोखंडी शिड्या चढलाय. शेजारचे पेन्शनवाले काका रोज विचारायचे, "काय, कुठवर आली तयारी?" दादा रोज सांगायचा, "तुमच्या गेटपर्यंत. सरका."

मग क्लबच्या सरावाचा दिवस आला. दोन दोनच्या रांगा, दादा मध्ये, त्याच्या मागे खुद्द कॅप्टन. मी स्कूटरवर सगळ्यांच्या मागे. छान चाललं होतं. मला वाटलं, आता या लोकांची तोंडं बंद होणार. तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. त्यांच्यात पद्धत अशी की मागून वाहन आलं की शेवटच्याने "गाडी!" असं ओरडायचं, म्हणजे बाकीचे कडेला सरकतात आणि चालवत राहतात. शेवटचा ओरडला.

दादा थांबला. जागच्या जागी. दोन्ही ब्रेक दाबून, पाय खाली.

कॅप्टन त्याच्यावर, कॅप्टनवर लाल हेल्मेटवाली एक बाई, तिच्यावर आणखी कोण कोण. भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज झाला. कोणाचं हाड मोडलं नाही, पण कॅप्टनचं कोपर सोलून निघालं आणि पुढचं चाक वाकलं. ते चाक म्हणे विमानाने आलेलं होतं.

"थांबलात का?" कॅप्टन रस्त्यावर बसून ओरडला.

"ओरडलात का?" दादा त्याच्यावर ओरडला.

"गाडी आली म्हणून ओरडले ना ते!"

"मग गाडी आल्यावर थांबायचं नाही? तुमच्यात गाडी आली की नाचतात का?"

लाल हेल्मेटवाली गुडघा धरून म्हणाली, "आपण यांच्याच मुलीसाठी करतोय आणि हेच आपल्याला पाडताहेत."

"ताई, पडायला तुम्हाला दुसरं कोणी कशाला लागतं? आपण होऊनच पडलात," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

शाफ्टमधला नियम दादाने त्यांना सांगितला नाही. सांगितलं असतं तर कदाचित समजलंही असतं. पण तो कोणाला कारण देत नाही, कारण दिलं की माफी मागितल्यासारखं होतं असं त्याला वाटतं. कॅप्टनने कोपराला रुमाल गुंडाळला आणि म्हणाला, "राइडच्या आधी एक शेवटचा सराव आहे. ओरडल्यावर न थांबता चालवायला शिकलात तर या. नाहीतर स्टेज."

पुन्हा स्टेज. घरी आल्यावर जिन्यात दादा मला म्हणाला, "उद्यापासून मागून ओरडायचं. मी थांबलो तर शिव्या घाल."

एवढं आवडीचं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी स्कूटरवरून ओरडायचे, "गाडी! खड्डा! साप! दादा, तुझी चड्डी फाटलीय!" तो दर वेळी थांबायचा. पाय आपोआप खाली जायचे. मग स्वतःवरच त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तो सायकलच्या सीटला बुक्क्या मारायचा. सुट्टीच्या दिवशी वहिनी आली. माझ्या मागे बसली आणि आधी लाजली.

"काय ओरडू?"

"मनातलं ओरड, वहिनी. बायकोला ही संधी पुन्हा मिळत नाही."

तिने घसा साफ केला. "अहो! ओला टॉवेल पलंगावर टाकता!" दादा थांबला. "अहो! माझ्या भावाच्या लग्नात मेव्हण्याशी भांडलात!" वेग कमी झाला, पण थांबला नाही. "अहो! मला एकदा तरी विचारलंत का, झोप झाली का म्हणून?" यावर मात्र तो चालवतच राहिला, मान खाली घालून.

हळूहळू जमायला लागलं. पाय खाली जायचे थांबले. खांदे तेवढे दचकायचे, मग तेही थांबले. त्याच्या जोडीदाराला हे कळलं तेव्हा तो घरी आला.

"तू न थांबायला शिकतोयस म्हणे?"

"सायकलवर. कामावर नाही. डोक्यात दोन खोल्या आहेत माझ्या. ही वेगळी, ती वेगळी."

"मधली भिंत पक्की आहे ना तेवढं बघ," जोडीदार म्हणाला. "तुझ्या भरवशावर टपावर मी असतो."

दादाने त्याला चहा न देता घालवला.

शेवटच्या सरावाच्या आदल्या संध्याकाळी गोटी हट्टाने आमच्याबरोबर आली. वहिनीला लॉन्ड्रीत थांबावं लागलं होतं. गोटी स्कूटरवर माझ्या पुढे, फळीवर उभी. पिठाची बाटली माझ्या डिकीत, ग्लुकोजची डबी नेहमीप्रमाणे दादाच्या पँटच्या मागच्या खिशात. धरणाचा चढ त्याने झकास चढला. मी ओरडले, गोटी ओरडली, त्याने मानही वळवली नाही. गोटी खूश. "बाबा, माकड! बाबा, तू ढब्बू!" घसा बसेपर्यंत ओरडली. ओरडण्यातही साखर जळते. ते आम्हा तिघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वर पोचल्यावर मी बाटली काढली. वेळ झालीच होती. गोटीने ती माझ्या हातातून घेतली आणि भिरकावली. झाकण उडालं, पांढरं पाणी रस्त्यावर. "नको मला! घाण आहे! तू पण घाण आहेस!" मला तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला. दादा वर न थांबता उताराला लागला होता.

"बाबा, थांब!" गोटी ओरडली. तो ओरडा वेगळा होता. मी मुद्दाम सांगते, वेगळा होता. "बाबा, थांब ना!"

"दादा, थांब! डबी! दादा!"

त्याने एक हात वर केला. न वळता. बघा, थांबत नाही मी, असा. आणि उतारावर वळणाआड गेला.

मी स्कूटर चालू केली, पण गोटीच्या गुडघ्यांतलं बळच गेलं आणि ती फळीवरून घसरायला लागली. एका हाताने तिला धरून उतारावर स्कूटर हाणली असती तर दोघी दरीत गेलो असतो. तिला खांद्यावर टाकून मी पळत सुटले. धरणाच्या गेटजवळ एक टपरी आहे. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, असलं काही विकतात. टपरीवालीला म्हटलं, ग्लुकोज. ती म्हणाली, "कोणता हवा, संत्र्याचा की साधा?" मी काउंटरवर अशी थाप मारली की बरण्या हलल्या. तिने पुडी दिली. मी दातांनी फाडली आणि बोटाने गोटीच्या गालाच्या आत लावत राहिले. गाल, हिरड्या, पुन्हा गाल. ती गिळत होती. तेवढ्यावर मी उभी होते. टपरीवाली आता घाबरून वारा घालत होती आणि विचारत होती, "एवढी गुबगुबीत पोर, झालं काय हिला?" मी तिला जे बोलले त्याचं नंतर वाईट वाटलं. थोडंच.

गोटीने डोळे उघडले आणि माझं बोट चावलं. तेव्हा मला कळलं, बरी आहे.

मग दादा आला. उतार संपवून, वळून, पुन्हा चढ चढून. लालबुंद, आणि हसत. तो हसतो तेव्हा ओळखू येत नाही.

"बघितलंस? एकदाही नाही! तू डबी म्हणून ओरडलीस तरी नाही! पटलं असतं मला, पण म्हटलं, हिची युक्ती आहे—"

मग त्याने गोटीकडे बघितलं. तिच्या तोंडाला लागलेली पांढरी पूड बघितली. हात मागच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मी तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते आठवत नाही. टपरीवाली आत निघून गेली एवढं आठवतं. त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. माझा दादा. उलट उत्तर दिलं नाही.

गोटीने त्याच्या छातीवर मूठ आपटली. जोर नव्हता तिच्यात. "मी थांब म्हटलं होतं."

"हो," तो म्हणाला.

"तू ऐकलं होतंस?"

"हो."

"मग?"

दादाने रस्त्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला गेला नाही. संध्याकाळी मला घेऊन कॅप्टनच्या दवाखान्यात गेला. खुर्चीत एक माणूस आ करून पडला होता, त्याच्या तोंडात नळ्या. कॅप्टनच्या कोपराला अजून पट्टी.

"सरावाला आला नाहीत," कॅप्टन म्हणाला.

"शिकलो होतो. विसरायचं ठरवलंय."

"म्हणजे?"

मग दादाने सांगितलं. शाफ्टचं, मिस्त्रीच्या बोटांचं, धरणाच्या उताराचं. उभ्या उभ्या, भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत. मी त्याला एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं, भांडणाव्यतिरिक्त. शेवटी म्हणाला, "तुमच्या रांगेत मी येत नाही. तुमचं बरोबर आहे, माझ्याने माणसं पडतील. पण स्टेजवरही बसणार नाही. सगळ्यांच्या मागून चालवीन, लांबून. माझ्या मागे ही आणि पोरगी. पोरगी ओरडली की मी थांबणार."

"अहो, आमची शेवटची गाडी तुमच्यामागे अडकणार. पाहुणे ताटकळतील. असं नाही चालत."

"चालवून बघतो."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत भांडलंच पाहिजे का?"

"हे भांडण नाही," दादा म्हणाला. "भांडण कसं असतं ते तुम्ही बघितलेलं नाही अजून."

खुर्चीतला माणूस घशातून काहीतरी बोलला. "तुम्ही गप्प बसा," असं दोघेही त्याला एकदम म्हणाले. एवढंच एक त्या दोघांचं कधी जमलं असेल. कॅप्टनने हातमोजे ओढून काढले. "रस्ता माझ्या बापाचा नाही. या. पण माझ्या लोकांपासून लांब."

राइडच्या दिवशी ते लोक झेंडा पडल्याबरोबर भुर्र झाले. दादा मागून निघाला, त्याच्या मागे मी आणि गोटी, आमच्या मागे क्लबची ॲम्ब्युलन्स, तिचा ड्रायव्हर पहिल्यापासून जांभया देत होता. या वेळी डबी माझ्या गळ्यात दोरीला. दादानेच बांधली, दोन गाठी मारून.

गोटीने सूड घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. सपाट रस्त्यावर गप्प बसायची आणि चढाच्या बरोबर मध्यावर ओरडायची, "बाबा, थांब!" चढावर थांबून पुन्हा सुरू करणं म्हणजे काय हाल असतात ते त्यालाच माहीत. दादा दर वेळी थांबला. दोन्ही ब्रेक, पाय खाली, मान मागे.

"काय?"

"काही नाही."

"मग चल म्हण."

गोटी आधी आभाळाकडे बघायची, मग झाडांकडे. "चल."

धरणाच्या चढावर तिने त्याला इतक्यांदा थांबवलं की शेवटी मीच म्हटलं, "गोटे, पुरे. मरेल तो." दादा वरून ओरडला, "तू मध्ये पडू नको. तिला ओरडू दे." त्याचे पाय थरथरत होते. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी स्कूटर आडवी लावली आणि त्याला सांगितलं, पुन्हा वाजवलास तर तुझ्याच ॲम्ब्युलन्समधून तुला नेते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. क्लबवाले केव्हाच आंघोळी करून कोरडे झाले होते. वहिनी स्टेजवर नव्हती. खाली बाजूला, पिशवी धरून उभी होती. पाहुणे खुर्चीत घड्याळ बघत होते. दादा दिसल्याबरोबर माइकवाला सुरू झाला, "आले, आले! टाळ्या!" सगळे उठले. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली होती.

"बाबा, थांब!" गोटी ओरडली.

दादाचं पुढचं चाक रेघेच्या हातभर अलीकडे थांबलं. पाय खाली.

"या, या! दोन पावलं!" लोक ओरडत होते. माइकवाला ओरडत होता. तो हलला नाही. कॅप्टन पळत आला.

"काय झालं? चेन पडली का?"

"पोरगी ओरडली."

"का?"

"मला काय माहीत? तिला विचारा."

कॅप्टन आमच्याकडे आला. गोटीने माझ्याकडून बाटली मागून घेतली होती, तिची वेळ झाली होती. ती पीत होती, गाल फुगवून, एकेक घोट.

"बाळा, बाबांना येऊ दे ना. पाहुण्यांना निघायचंय."

गोटीने त्याच्याकडे बघितलं आणि आणखी एक घोट घेतला. वहिनी येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. माइकवाला गप्प झाला. पाहुणे उठले, कोणाशी तरी हात मिळवले, त्यांच्या गाडीचं दार लागलं. लाल हेल्मेटवाली मोठ्याने म्हणाली, "कमाल आहे बाई या लोकांची." दादा एक पाय रस्त्यावर टेकून मागे बघत होता, फक्त गोटीकडे.

तिने बाटली संपवली. उलटी करून बघितली. झाकण लावलं, घट्ट बसलं का ते बघितलं, बाटली वहिनीच्या पिशवीत टाकली आणि मग ओरडली, "चल!"